ग्रिडविरहित की ग्रिडसंलग्न? नवीकरणीय वीजप्रणालीच्या निवडीचे निकष

प्रस्तावना

२८ एप्रिल २०१८ रोजी मणिपूरमधील लैसांग हे गाव राष्ट्रीय वीजजाळ्याला जोडले गेले आणि देशातील सर्व गावांचे विद्युतीकरण पूर्ण झाल्याचे केंद्र सरकारने जाहीर केले. ही घटना निश्चितच ऐतिहासिक होती. तथापि, शासकीय व्याख्येनुसार गावातील सार्वजनिक ठिकाणी आणि किमान दहा टक्के घरांत वीज पोहोचली की ते गाव विद्युतीकृत मानले जात असे. त्यामुळे गाव विद्युतीकृत झाले तरी त्याच गावाचा डोंगरापलीकडील पाडा अंधारात राहणे शक्य होते. ही उणीव भरून काढण्यासाठी २०१७ साली ‘सौभाग्य’ योजना सुरू झाली. तिच्याद्वारे मार्च २०२२ अखेर सुमारे २.८६ कोटी घरांना वीज देण्यात आली. जेथे तारा नेणे शक्य नव्हते, अशा दुर्गम घरांना २०० ते ३०० वॉट क्षमतेचा सौरसंच, बॅटरी, पाच एलईडी दिवे, एक पंखा आणि एक प्लग देण्याची तरतूद या योजनेत होती. त्याबरोबर पाच वर्षांच्या देखभाल-दुरुस्तीचीही हमी होती.

या तरतुदीतील ‘पाच वर्षे’ हे शब्द प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहेत. सौर पॅनेलचे आयुष्य साधारणपणे पंचवीस वर्षे मानले जाते. मग सहाव्या वर्षी बॅटरी निकामी झाल्यास ती कोणी बदलायची, तिचा खर्च कोणी सोसायचा आणि त्यासाठी लागणारा माणूस कोठून आणायचा? ग्रिडविरहित व ग्रिडसंलग्न या दोन प्रणालींमधील निवड ही सामान्यतः यंत्रसामग्रीची व किमतीची निवड समजली जाते. वस्तुतः ती जबाबदारीच्या वाटपाची निवड आहे. विजेची साठवण, तिचे संतुलन आणि तिची देखभाल ही कामे ग्राहकाने स्वतःकडे घ्यायची की एखाद्या मोठ्या व्यवस्थेकडे सोपवायची, हा या निवडीमागील खरा प्रश्न होय. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचे तांत्रिक, आर्थिक व सामाजिक अंगांनी विवेचन केले आहे.

संकल्पनांचे स्पष्टीकरण

वीजजाळे अर्थात ग्रिड म्हणजे वीजनिर्मिती केंद्रे, उच्चदाबाच्या पारेषण वाहिन्या, उपकेंद्रे, रोहित्रे आणि ग्राहकापर्यंत जाणाऱ्या वितरण वाहिन्या यांची परस्परांशी जोडलेली व्यवस्था. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी कार्यान्वित होऊन दक्षिण विभागाचे जाळे उर्वरित देशाशी जोडले गेले. तेव्हापासून संपूर्ण भारत एकाच कंप्रतेवर चालणारे एक वीजजाळे झाला आहे.

ग्रिडसंलग्न प्रणालीत छतावर किंवा जमिनीवर निर्माण होणारी सौर अथवा पवन वीज इन्व्हर्टरच्या साहाय्याने या जाळ्यात मिसळली जाते. निर्मिती गरजेपेक्षा अधिक असल्यास ती बाहेर जाते आणि कमी असल्यास जाळ्यातून घेतली जाते. या देवाणघेवाणीचा हिशेब ठेवण्याच्या पद्धतीला नेट मीटरिंग असे म्हणतात.

ग्रिडविरहित प्रणालीचा जाळ्याशी कोणताही संबंध नसतो. तिच्यात पॅनेल, चार्ज कंट्रोलर, बॅटरी आणि इन्व्हर्टर असे घटक असतात. ती एका घरापुरती असू शकते, किंवा एखाद्या वस्तीसाठी सामाईक केंद्र उभारून तेथून घरोघरी तारा नेता येतात. दुसऱ्या प्रकारास सूक्ष्म वीजजाळे किंवा मायक्रोग्रिड म्हणतात. या दोहोंच्या मध्ये संकरित प्रणाली येते. ती जाळ्याशी जोडलेली असते आणि तिच्याजवळ मर्यादित क्षमतेची बॅटरीही असते.

संतुलन व साठवण : मूळ प्रश्न

वीज ही धान्याप्रमाणे कणगीत भरून ठेवता येणारी वस्तू नाही. ज्या क्षणी ती वापरली जाते त्याच क्षणी तितकीच ती निर्माण व्हावी लागते. हे संतुलन बिघडले की जाळ्याची कंप्रता ५० हर्ट्झपासून ढळू लागते. मोठ्या जाळ्यात हजारो निर्मिती संच आणि कोट्यवधी ग्राहक असल्यामुळे एकाचा चढ दुसऱ्याच्या उतारात सामावला जातो. कोयनेसारखे जलविद्युत केंद्र काही मिनिटांत निर्मिती वाढवून सायंकाळची कमाल मागणी भागवू शकते. छतावरील सौरसंचाचा मालक दुपारी जाळ्यात वीज देतो आणि रात्री परत घेतो, तेव्हा त्याची दुपारची वीज कोठेही साठवलेली नसते. ती त्याच क्षणी शेजारच्या ग्राहकाने वापरलेली असते. रात्रीची वीज कोळसा किंवा पाण्यापासून निर्माण होते. जाळे हे ग्राहकाच्या दृष्टीने बँकेसारखे भासते, परंतु त्या बँकेत केवळ हिशेब साठतो, वीज साठत नाही.

जाळे नसते तेव्हा हेच काम बॅटरीला करावे लागते. बॅटरी हा संपूर्ण प्रणालीतील सर्वांत अल्पायुषी घटक होय. शिसे-आम्ल बॅटरी तिच्या क्षमतेच्या निम्म्यापेक्षा अधिक रिकामी करू नये, असा संकेत आहे. तो पाळला तरी ती सर्वसाधारणपणे चार ते पाच वर्षे टिकते. लिथियम फेरो फॉस्फेट बॅटरी ऐंशी ते नव्वद टक्क्यांपर्यंत वापरता येते व दहा वर्षांपर्यंत टिकू शकते, परंतु तिची प्रारंभिक किंमत अधिक असते आणि ती बिघडल्यास गावपातळीवर दुरुस्त होत नाही. याशिवाय बॅटरीत वीज भरताना व काढताना काही वीज वाया जाते. शिसे-आम्ल बॅटरीत हा ऱ्हास लक्षणीय असतो. निकामी बॅटरीतील शिसे विषारी असल्याने २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती अधिकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडे जाणे आवश्यक असते. दुर्गम पाड्यावर ही जबाबदारी कोण पार पाडणार, याचाही विचार निवडीच्या वेळी व्हावा लागतो.

वीजपुरवठा खंडित झाल्यावर काय होते?

छतावर सौरसंच बसवला म्हणजे भारनियमनातून मुक्ती मिळाली, असा समज सुशिक्षित वर्गातही आढळतो. तो चुकीचा आहे. बॅटरी नसलेली ग्रिडसंलग्न प्रणाली जाळ्याचा पुरवठा खंडित होताच, भर दुपारीसुद्धा, आपोआप बंद पडते. हा तिच्यातील दोष नसून हेतुपुरस्सर केलेली सुरक्षा-योजना आहे. वाहिनीवर दुरुस्ती करण्यासाठी खांबावर चढलेल्या कर्मचाऱ्याने उपकेंद्रातून पुरवठा बंद केलेला असतो. अशा वेळी एखाद्या घराच्या छतावरून त्याच तारेत वीज येत राहिली तर त्याचा जीव जाऊ शकतो. म्हणून जाळ्याचा दाब व कंप्रता नाहीशी झाल्याचे ओळखून इन्व्हर्टरने दोन सेकंदांच्या आत बंद पडावे, असे तांत्रिक मानक आहे. प्रचलित इन्व्हर्टर जाळ्याच्या लहरीला अनुसरून आपली लहर निर्माण करत असल्यामुळे ती लहर नसताना त्याला आधारच उरत नाही.

याउलट ग्रिडविरहित प्रणालीवर जाळ्यातील बिघाडाचा परिणाम होत नाही. जुलै २०१२ च्या अखेरीस उत्तर, पूर्व व ईशान्य भारतातील जाळे कोसळून सुमारे ६० कोटी लोकांचा पुरवठा खंडित झाला होता. त्या दिवशीही स्वतंत्र सौरसंचावरचे दिवे जळू शकत होते. मात्र या स्वातंत्र्याला मर्यादा आहे. आषाढात आठवडाभर सूर्यदर्शन झाले नाही तर ग्रिडविरहित घराला मदत करणारे दुसरे कोणी नसते. ग्रिडसंलग्न ग्राहक जाळ्याच्या विश्वासार्हतेवर अवलंबून असतो, तर ग्रिडविरहित ग्राहक हवामानावर आणि स्वतःच्या बॅटरीवर अवलंबून असतो. पूर्ण स्वावलंबन दोन्हींपैकी कोणत्याही प्रणालीत नाही.

तीन परिस्थिती, तीन हिशेब

निवडीचे तत्त्व प्रत्यक्ष आकड्यांतून अधिक स्पष्ट होते. पुढील हिशेब विवेचनासाठी मांडलेले आहेत. महाराष्ट्रात एक किलोवॅट सौर पॅनेलपासून वर्षाची सरासरी धरता दररोज सुमारे चार युनिट वीज मिळते, असे त्यासाठी गृहीत धरले आहे.

१) दुर्गम पाड्यावरील घर : नऊ वॉटचे चार दिवे पाच तास, ५० वॉटचा एक पंखा आठ तास, ५० वॉटचा दूरदर्शन संच तीन तास आणि दोन मोबाइलचे चार्जिंग असा वापर धरल्यास दररोज सुमारे ७५० वॉट-तास, म्हणजे पाऊण युनिट वीज लागते. बॅटरी व इन्व्हर्टरमधील ऱ्हास लक्षात घेता पॅनेलकडून एक युनिट मिळावे लागते. त्यासाठी सरासरीच्या हिशेबाने २५० वॉटचे पॅनेल पुरेसे ठरते. परंतु पावसाळ्यात निर्मिती निम्म्यावर येऊ शकते, म्हणून वर्षभर हाच वापर ठेवायचा असेल तर ५०० वॉटचे पॅनेल हवे. सूर्याविना दोन दिवस निघावेत अशी अपेक्षा असल्यास दीड युनिट वापरण्यायोग्य साठा लागतो. शिसे-आम्ल बॅटरी अर्धीच वापरायची असल्याने हा साठा तीन युनिट क्षमतेचा होतो, म्हणजे १२ व्होल्ट व १५० अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्या. तात्पर्य, केवळ पाऊण युनिटसाठी ही सर्व सामग्री लागते. त्यात दर चार-पाच वर्षांनी दोन बॅटऱ्या बदलाव्या लागतात. या घरात पिठाची गिरणी, शीतकपाट किंवा पाण्याचा पंप आला तर संपूर्ण हिशेब नव्याने मांडावा लागतो.

२) तालुक्याच्या ठिकाणचे महाविद्यालय : महाविद्यालयाचा वापर प्रामुख्याने दिवसा होतो, म्हणून सौरऊर्जेसाठी अशी संस्था अत्यंत अनुकूल ठरते. २० किलोवॅटच्या संचातून दररोज सरासरी ८० युनिट, म्हणजे वर्षाला सुमारे २९,००० युनिट मिळतील. परंतु महाविद्यालयाचे कामकाज वर्षातून २५० दिवस चालते असे धरल्यास उरलेले ११५ दिवस वर्ग व प्रयोगशाळा बंद असतात. त्यातही मे महिन्यात ऊन प्रखर असते आणि इमारत रिकामी असते. हा संच ग्रिडविरहित असेल तर बॅटरी भरताच चार्ज कंट्रोलर निर्मिती रोखतो आणि सुमारे ९,००० युनिट, अर्थात जवळजवळ एकतृतीयांश वीज वाया जाते. संच ग्रिडसंलग्न असेल तर तीच वीज जाळ्यात जाऊन देयकात वजा होते. मात्र परीक्षेच्या काळात पुरवठा खंडित झाल्यास संगणक कक्ष व प्रयोगशाळा चालू राहिली पाहिजे. अशा तीन किलोवॅटच्या अत्यावश्यक भारासाठी तीन तासांची तरतूद करायची झाल्यास नऊ युनिट लागतात. ही गरज ११ ते १२ युनिट क्षमतेच्या लिथियम बॅटरीने भागते. त्यासाठी संपूर्ण इमारत ग्रिडविरहित करण्याची आवश्यकता नाही. अत्यावश्यक भाराची वायरिंग वेगळी काढून संकरित इन्व्हर्टर बसवणे अधिक किफायतशीर ठरते.

३) शेतातील विहीर : महाराष्ट्रात कृषी वाहिन्यांवर आठवड्याआड रात्रीचा पुरवठा हा शेतकऱ्यांचा जुना अनुभव आहे. रात्री पाणी देण्यासाठी जाणाऱ्या शेतकऱ्याला सर्पदंशाचा व बिबट्याचा धोका असतो. म्हणून दिवसा वीज मिळणे हा त्याच्या दृष्टीने केवळ सोयीचा नव्हे तर जिवाचा प्रश्न आहे. त्याच्यापुढे दोन मार्ग येतात. पहिला मार्ग स्वतंत्र सौर कृषिपंपाचा. पाच अश्वशक्तीच्या पंपासाठी सुमारे ४.८ किलोवॅटचे पॅनेल लागते आणि त्यापासून दररोज १९ युनिट मिळतात. येथे बॅटरी लागत नाही, कारण विहिरीतून काढलेले पाणी हाच साठा असतो. परंतु पंप वर्षातून १५० दिवसच चालत असेल, तर उरलेल्या २१५ दिवसांतील सुमारे ४,१०० युनिट, म्हणजे निर्मितीच्या ५९ टक्के वीज कोणाच्याच उपयोगी पडत नाही. दुसरा मार्ग संपूर्ण कृषी वाहिनीच सौर करण्याचा आहे. उपकेंद्राजवळ काही मेगावॅटचा प्रकल्प उभारून त्या वाहिनीवरील सर्व पंपांना दिवसा वीज द्यायची आणि उरलेली वीज जाळ्यात सोडायची. दुसऱ्या मार्गात वीज वाया जात नाही, मात्र वाहिनी व रोहित्र सुस्थितीत असणे ही त्याची पूर्वअट आहे. रोहित्र जळाल्यावर ते बदलून मिळण्यास विलंब होत असलेल्या भागात शेतकरी स्वतंत्र पंपाला पसंती देतो. ही पसंती अडाणीपणाची नसून अनुभवजन्य असते.

प्रत्यक्ष अनुभवांचे दाखले

नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव तालुक्यात बिलगाव येथे २००३ साली १५ किलोवॅट क्षमतेचा सूक्ष्म जलविद्युत प्रकल्प उभा राहिला. पाड्यांवरील आदिवासी कुटुंबांनी श्रमदानाने बंधारा व कालवा बांधला होता. जेथे तारा पोहोचल्या नव्हत्या तेथे लोकांनी आपली वीज आपण निर्माण केली. परंतु २००६ च्या पावसाळ्यातील पुरात हा प्रकल्प उद्ध्वस्त झाला. एकाच ओढ्यावर व एकाच यंत्रावर अवलंबून असलेल्या छोट्या व्यवस्थेला आपत्ती पेलणे किती कठीण असते, हे या उदाहरणातून दिसते. मोठ्या जाळ्यात एक केंद्र बंद पडले तर दुसरे भार उचलते. बिलगावला असे दुसरे केंद्र नव्हते.

बिहारमधील जहानाबाद जिल्ह्यातील धरनई गावाचा अनुभव निराळा आहे. सुमारे तीस वर्षे विजेवाचून राहिलेल्या या गावात जुलै २०१४ मध्ये ग्रीनपीस व सहयोगी संस्थांनी १०० किलोवॅटचे सौर सूक्ष्म वीजजाळे सुरू केले. त्याची देशभर प्रशंसा झाली. तथापि, शीतकपाट व मोठी उपकरणे त्यावर चालवता येत नव्हती, प्रतियुनिट दरही सरकारी अनुदानित विजेपेक्षा अधिक होता. लवकरच गावकऱ्यांनी ‘असली बिजली’ची मागणी केली आणि अल्पावधीत सरकारी वीज गावात आली. स्वस्त वीज येताच सौरकेंद्राचे ग्राहक घटले, बॅटऱ्या निकामी झाल्या आणि कालांतराने त्या जागेत गुरे बांधली जाऊ लागली. येथे पॅनेल निकामी झाले नव्हते. ग्रिड आल्यानंतर या केंद्राचे काय करायचे, याची योजनाच नव्हती. त्या पॅनेलची वीज जाळ्यात घेण्याची व्यवस्था झाली असती, तर तेच केंद्र गावाच्या उत्पन्नाचे साधन ठरू शकले असते.

पुणे जिल्ह्यातील दरेवाडी या डोंगरी वस्तीवर २०१२ साली ‘ग्राम ऊर्जा’ या संस्थेने ९.४ किलोवॅटचे सौर सूक्ष्म वीजजाळे उभारले. उभारणीचा खर्च उद्योगसमूहाच्या साहाय्यातून झाला, परंतु घरोघरी मीटर बसवून वापरानुसार आकारणी करण्याचे व ती रक्कम देखभालीसाठी राखून ठेवण्याचे काम गावाच्या न्यासाकडे देण्यात आले. पॅनेल कोणत्या कंपनीचे आहे यापेक्षा पैसे कोण गोळा करतो आणि ते कशासाठी राखून ठेवतो, हा मुद्दा येथे अधिक महत्त्वाचा मानला गेला.

गुजरातमधील मोढेरा येथे ऑक्टोबर २०२२ मध्ये संकरित व्यवस्थेचे मोठ्या प्रमाणावरील उदाहरण देशासमोर आले. सहा मेगावॅटचा भूस्थित सौर प्रकल्प, १५ मेगावॅट-तास क्षमतेची बॅटरी आणि तेराशेहून अधिक घरांच्या छतांवर एक-एक किलोवॅटचे संच अशी त्याची रचना आहे. हे गाव ‘चोवीस तास सौर’ म्हणून ओळखले जात असले तरी ते जाळ्यापासून तुटलेले नाही.

धोरणात्मक चौकट

विद्युत अधिनियम, २००३ ने ग्रिडविरहित निर्मितीसाठी मोठे दार उघडले. राज्य शासनाने अधिसूचित केलेल्या ग्रामीण क्षेत्रात वीजनिर्मिती व वितरण करण्यासाठी परवान्याची आवश्यकता राहिली नाही. मात्र सूक्ष्म जाळे उभारल्यानंतर तेथे मोठे जाळे पोहोचल्यास गुंतवणूकदाराचे काय, याचे उत्तर या अधिनियमात नव्हते. उत्तर प्रदेशाने २०१६ च्या आपल्या मिनी-ग्रिड धोरणात त्यासाठी दोन पर्याय दिले. संबंधित संस्थेने आपली वीज वितरण कंपनीला विकावी किंवा प्रकल्प तिच्याकडे हस्तांतरित करावा. धरनईच्या पार्श्वभूमीवर या तरतुदीचे महत्त्व लक्षात येते.

अनुदानाची रचनाही निवडीवर परिणाम करते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर : मोफत बिजली योजने’त घरगुती संचास पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत प्रतिकिलोवॅट ३०,००० रुपये व तिसऱ्या किलोवॅटसाठी १८,००० रुपये, अशी कमाल ७८,००० रुपयांची मदत ठरवण्यात आली. ही मदत ग्रिडसंलग्न संचांसाठी आहे. याउलट महाराष्ट्रात २०२४ साली जाहीर झालेल्या ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेत स्वतंत्र पंपाच्या किमतीपैकी सर्वसाधारण शेतकऱ्याने दहा टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने पाच टक्के रक्कम भरावयाची होती. दुरुस्तीची हमी येथेही पाच वर्षांचीच होती. केंद्राच्या २०१९ च्या ‘पीएम-कुसुम’ योजनेत स्वतंत्र पंप आणि वाहिनीचे सौरीकरण हे दोन्ही घटक एकत्र होते, तर राज्याच्या २०१७ च्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा भर दुसऱ्या मार्गावर होता.

ग्रिडसंलग्न ग्राहकाने आणखी एक बाब ध्यानात ठेवावी लागते. नेट मीटरिंगचे नियम कायमस्वरूपी नसतात. २०२० च्या वीज ग्राहक हक्क नियमांत नेट मीटरिंगची मर्यादा १० किलोवॅट ठेवण्यात आली होती. २०२१ च्या दुरुस्तीने ती ५०० किलोवॅट किंवा मंजूर भार, यांपैकी जे कमी असेल तेथपर्यंत वाढवली. २०२३ च्या दुरुस्तीने दिवसाच्या वेळेनुसार दर आकारण्याचे तत्त्व आणले. त्यानुसार सौर तासांत दर कमी आणि कमाल मागणीच्या तासांत अधिक असतो. दुपारी दिलेले एक युनिट आणि रात्री घेतलेले एक युनिट यांचे मूल्य सारखे राहीलच, असे गृहीत धरून वीस-पंचवीस वर्षांचा हिशेब मांडणे धोक्याचे आहे. जाळ्याने स्वीकारलेल्या संतुलनाच्या जबाबदारीची किंमत जाळे आज ना उद्या मागणारच.

निवडीचे निकष

उपरोक्त विवेचनाच्या आधारे पुढील निकष मांडता येतात.

१. जाळ्यापासूनचे अंतर व भार : वस्ती दूर, घरे थोडी व विखुरलेली आणि मार्ग वनक्षेत्रातून जाणारा असेल, तर ग्रिडविरहित प्रणाली योग्य ठरते. घरे अधिक असतील आणि गिरणी, पंप यांसारखा उत्पादक वापर अपेक्षित असेल, तर तारा नेण्याचा खर्च सार्थकी लागतो.

२. वापराची वेळ : वापर दिवसा असल्यास साठवणीची गरज घटते. वापर प्रामुख्याने रात्री असल्यास जाळे नसताना खर्चाचा मोठा भाग बॅटरीवर होतो.

३. वापरातील खंड : सुट्ट्या, हंगाम, बंद घरे यांमुळे वापर खंडित होत असल्यास ग्रिडसंलग्न प्रणालीच वीज वाया जाण्यापासून वाचवते.

४. खंडिततेची किंमत : पुरवठा बंद पडल्याने नेमके काय बिघडते, हे ठरवावे. लसींचे शीतकपाट, प्रसूतिगृह, परीक्षा कक्ष यांसाठी बॅटरी अनिवार्य आहे. वर्गातील पंख्यांसाठी ती अनिवार्य नाही.

५. देखभालीची क्षमता : इन्व्हर्टर बदलणारा, बॅटरीत पाणी भरणारा, पॅनेल पुसणारा माणूस परिसरात आहे काय? गावातील तरुणाला प्रशिक्षण व मानधन देण्याची तरतूद आहे काय?

६. सहाव्या वर्षाचा निधी : बॅटरीची किंमत तिच्या आयुष्यातील महिन्यांनी भागल्यास दरमहा बाजूला काढावयाची रक्कम मिळते. ही रक्कम जमा करण्याची व्यवस्था नसेल, तर प्रणालीचे खरे आयुष्य पॅनेलच्या पंचवीस वर्षांचे नसून बॅटरीच्या चार-पाच वर्षांचे असते.

७. भविष्यातील जोडणी : आज ग्रिडविरहित असलेले सूक्ष्म जाळे उद्या मोठ्या जाळ्याला जोडता यावे, यासाठी प्रथमपासूनच प्रमाणित दाबाच्या तारा, मीटर व योग्य इन्व्हर्टर यांचा अवलंब करावा.

समारोप

ग्रिडविरहित आणि ग्रिडसंलग्न या प्रणालींपैकी एक पुरोगामी व दुसरी मागासलेली, असे मानण्याचे कारण नाही. जेथे जाळे पोहोचले आहे व बऱ्यापैकी विश्वासार्ह आहे, तेथे ग्रिडसंलग्न प्रणाली आणि आवश्यक तेवढीच बॅटरी हा सामान्यतः योग्य पर्याय होय. जेथे जाळे पोहोचलेले नाही, तेथे ते येण्याची वाट पाहत एक पिढी अंधारात ठेवणे अन्यायाचे आहे. तेथे ग्रिडविरहित प्रणाली उभारलीच पाहिजे. परंतु ती दुय्यम प्रतीची तात्पुरती सोय म्हणून नव्हे, तर वसुली, देखभाल व भावी जोडणी यांच्या व्यवस्थेसह उभारली पाहिजे. धरनईच्या ग्रामस्थांनी ‘असली’ विजेची मागणी केली, ती सौरऊर्जेला विरोध म्हणून नव्हे. शहरातील माणसाला जे उपकरण चालवता येते, ते आपल्यालाही चालवता यावे, एवढीच त्यांची अपेक्षा होती.

महाविद्यालयांना या संदर्भात दुहेरी भूमिका बजावता येईल. आपल्या छतावरील संचाची निवड वरील निकषांवर तपासणे ही त्यातील पहिली होय. दुसरी भूमिका अधिक मोलाची आहे. राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे ज्या गावांत व पाड्यांवर भरतात, तेथील सौरसंचांची पाहणी विद्यार्थ्यांकडून करून घेता येईल. किती दिवे जळतात, किती बॅटऱ्या निकामी आहेत, दुरुस्तीची मुदत कधी संपली आणि आता तक्रार कोणाकडे जाते, एवढ्या चार प्रश्नांच्या नोंदीसुद्धा ग्रामपंचायत, महाऊर्जा व महावितरण यांना उपयोगी पडतील. संचाच्या उद्घाटनाचे छायाचित्र पहिल्या दिवशी निघते, परंतु त्याच्या यशापयशाचा निर्णय सहाव्या वर्षीच होतो.